खाजकुयलीचे बी आणि एका औषधाचे दोन अंमल

दरवर्षी ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन दिनानिमित्त, कंपवाताविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याची उजळणी येथे करीत नाही. परंतु डिचोलीच्या रानाकडेला आणि कुंपणांवर माजणारी, नागमोडी शेंगांवरच्या तपकिरी मखमली लवेमुळे गुराख्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी जिची धास्ती घेतलेली असते, त्या खाजकुयलीच्या तुकतुकीत बियांत लेव्होडोपा हे कंपवातावरील आजही सर्वांत गुणकारी द्रव्य शेकडा चार ते सहा या प्रमाणात असते, आणि ते त्या बियांतून १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी वेगळे काढले, हे मात्र पुन्हा सांगण्याजोगे आहे.

मला त्याहूनही मोलाचे वाटते ते मुंबईचे काम. १९७८ साली अशोक वैद्य, नोशीर वाडिया व सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या, म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छूच्या, चूर्णाने कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तान्त ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध केला; आणि त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, रमा वैद्य यांच्या गटाने ब्रोमोक्रिप्टीन, लेव्होडोपा व कपिकच्छू या तिन्हींचा प्रोलॅक्टिन या संप्रेरकावरील परिणाम एकत्र तपासला. थरथरणारा हात आणि अडलेली मासिक पाळी या दोन व्याधी एकाच द्रव्याच्या कक्षेत येतात ही जाण, परदेशातही ती नवीनच असताना, आपल्या संशोधकांनी आपल्याच वनस्पतीला लावून पाहिली, याचा अभिमान वाटावा असे ते काम आहे.

ते द्रव्य डोपामिन; लेव्होडोपापासून शरीरात तेच बनते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर डोपामिनचा एक प्रकारचा कायमचा मनाईहुकूम असतो. तो ढिला पडला, किंवा ग्रंथीत लहानशी गाठ झाली, की प्रोलॅक्टिन वाढते, पाळी थांबते, मूल नसताना स्तनांत दूध येते, गर्भ राहत नाही. उलट, मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झिजल्या की गुंडी काजात शिरता शिरत नाही आणि उंबरठ्यापाशी पाऊल जागच्या जागी थिजते. ब्रोमोक्रिप्टीन व कॅबरगोलिन ही औषधे डोपामिनचीच नक्कल करतात, म्हणून दोन्हीकडे चालतात. गाठीच्या रुग्णाला कॅबरगोलिन आठवड्यातून एकदा-दोनदा अल्प मात्रेत पुरते, बहुधा गाठही आकसते आणि शस्त्रक्रिया टळते. कंपवातात मात्र त्याच्या मोठ्या मात्रा वर्षानुवर्षे दिल्याने हृदयाच्या झडपा जाड होतात असे २००७ साली स्पष्ट झाले, आणि तेथे त्याचा वापर मागे पडला.

बी कुंपणावरच आहे म्हणून चूर्ण घरी करून खावे, असा अर्थ कोणी काढू नये. बियांतले प्रमाण झाडागणिक बदलते, आणि गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला असणारे, त्याला मेंदूबाहेरच वाया जाऊ न देणारे कार्बिडोपा चूर्णात नसते. डॉक्टरांना न सांगता गोळीवर चूर्ण घेणाऱ्यास ओकारी, भ्रम व अंगाचे अनावर हेलकावे सोसावे लागतात. गोळीचीही शिस्त असते: हुमण-शीत जेवून लगेच घेतली, तर माशातील प्रथिने तिची वाट अडवतात, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी.

गोव्यात याहून निकडीची गोष्ट निराळीच आहे. डोपामिनची नक्कल करणारी औषधे मेंदूतील सुखाच्या अपेक्षेचे केंद्रही चाळवतात. अमेरिका व कॅनडातील तीन हजारांवर कंपवातग्रस्तांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा १७ जणांत, आणि न घेणाऱ्यांपैकी शेकडा ७ जणांत, जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणे किंवा कामवासना यांपैकी काही ना काही आढळले. प्रोलॅक्टिनसाठी अल्प मात्रा घेणाऱ्यांतही असे दाखले आहेत. मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे नांगरलेली असताना, या औषधांची चिठ्ठी लिहून देताना रुग्णाच्या पत्नीला, मुलाला वा सुनेला समोर बसवून ही गोष्ट सांगणे डॉक्टरांनी आपले कर्तव्य मानावे, असे मला कळकळीने वाटते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्या बाबांचे बँकेतले पैसे अचानक उडू लागले, तर तो त्यांच्या चारित्र्याचा दोष समजून घरात अबोला धरू नये. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन घरच्यांनी हे आपणहून सांगावे, कारण विचारल्यावाचून रुग्ण लाजेने सांगत नाही. मात्रा कमी केली, किंवा औषध बदलले, की बहुतेकांची ती ओढ ओसरते. फक्त गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. तसे केल्यास ताठरपणा उसळतो आणि घोर चिंता, खिन्नता रुग्णाला घेरते.