दूध वाढवणारी पावडर घेण्याआधी

म्हैस व्यायली की घरात चीक येतो आणि त्यामागोमाग सल्लेही येतात. कुणी लिक्विड कॅल्शियमची बाटली आणायला सांगतो, कुणी दूध वाढवणारी पावडर. आपल्यातील कित्येक घरांत एक-दोन म्हशींच्या रतिबावर किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. म्हणूनच हा पैसा नेमका कशावर घालायचा, याचा विचार आम्ही इथे करत आहोत.

कोणतेही पूरक खाद्य स्वतः दूध तयार करत नाही. रोजच्या चाऱ्यात जे कमी पडते, तेवढेच ते भरून काढते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले असंख्य सूक्ष्म जीव कडबा पचवतात. त्यांना हिरवा चारा, पेंड आणि भरपूर स्वच्छ पाणी मिळाले नाही, तर महागडी पावडरही वाया जाते. शरीर पोसण्यासाठी लागणारा खुराक वेगळा धरून म्हशीला दर 2 लिटर दुधामागे आणि गाईला दर अडीच लिटरमागे साधारण 1 किलो खुराक द्यावा.

सर्वांत आधी क्षार मिश्रण

म्हशीच्या 1 लिटर दुधातून सुमारे 1.8 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. म्हणजे 10 लिटरमागे 18 ग्रॅम. खाण्यातून ते मिळाले नाही तर हाडांतून जाते. फॉस्फरस, जस्त, तांबे कमी पडले की जनावर वेळेवर माजावर येत नाही आणि भाकड काळ लांबतो. क्षार मिश्रण रोज 50 ते 100 ग्रॅम, दुधाच्या प्रमाणात, खुराकात मिसळावे. इतर पूरकांच्या मानाने हा खर्च थोडा आहे. मात्र गाई-म्हशींचे मिश्रण मेंढ्यांना देऊ नये, त्यातले तांबे त्यांना बाधते.

कॅल्शियमची वेळ

व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भरमसाट कॅल्शियम पाजू नये. हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय त्यामुळे मंदावते आणि व्याल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. व्यायलेली म्हैस अंग थंड पडून, मान कुशीकडे वळवून बसली तर तोंडाने काही पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.

बायपास फॅट आणि युरिया

बायपास फॅट जास्त दूध देणाऱ्या जनावरांना पहिल्या तीन महिन्यांत रोज 100 ते 200 ग्रॅम उपयोगी पडते. चार-पाच लिटरच्या म्हशीला त्याचा खर्च सहसा परवडत नाही.

100 किलो वाळलेल्या चाऱ्यावर 4 किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो 21 दिवस हवाबंद ठेवला की चारा जास्त पचतो. पण युरियाचे पाणी जनावर प्यायले तर ते दगावू शकते. सहा महिन्यांखालील वासरांना असा चारा देऊ नये.

बुरशीची पेंड नको

बुरशी लागलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. त्यातले अफलाटॉक्सिन हे विष दुधात उतरते, दूध उकळूनही ते जात नाही. ते दूध आपली आणि गिऱ्हाइकांची मुले पितात.

वहीतला हिशोब

नवे पूरक सुरू करण्याआधी आठवडाभर दोन्ही वेळचे दूध मोजून वहीत लिहावे. मग एका वेळी एकच वस्तू सुरू करून तीन आठवडे मोजावे. वाढलेल्या दुधाचे पैसे खर्चापेक्षा जास्त असतील तरच ती वस्तू चालू ठेवावी. क्षार मिश्रण मात्र नेहमी चालू असावे, त्याचा फायदा पुढच्या वेतात दिसतो.

आणि रेडकाचा वाटा विसरू नये. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला पोटभर चीक मिळायला हवा. तो त्या मुक्या जीवाचा हक्क आहे, आणि आजची रेडीच उद्याची आपली म्हैस आहे.