न झालेली कुस्ती

नागपंचमी जवळ आली की कन्नौदच्या जुन्या मंडळींना दोन गोष्टी हटकून आठवतात. एक आखाड्यातली ताजी उकरलेली माती आणि दुसरी, कधीच न झालेली एक कुस्ती. झालेल्या कुस्तीचा निकाल लागून जातो, चार दिवसांत तिची चर्चा विरते. न झालेली कुस्ती मात्र वर्षानुवर्षे ओट्यावर चालू राहते.

माझे वडील संस्थानी दरबाराच्या अखेरच्या दिवसांत गायलेले गवई. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबार सुटल्यावर कन्नौदला येऊन राहिलेल्या त्या माणसाचा ओटा मी लहानपणी रोज पाहिला. दिवेलागणीला तेथे दोन असामी ठरलेल्या असत. एक तालमीचे वृद्ध वस्ताद आणि दुसरे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांचे इंग्रजी वाचन दांडगे. वाद एकच : गामा पहिलवान आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच यांची जोड लागली असती, तर पाठ कोणाची लागली असती?

जोड कागदावर तर अगदी तोलाची. गॉचचा जन्म १८७७ सालचा, गामाचा १८७८चा. गॉचने १९०८ साली शिकागोत हॅकनश्मिटला दोन तासांच्या झुंजीनंतर हार मानायला लावून जगज्जेतेपद मिळविले. गामा हा आपल्या मध्यभारतातल्या दतिया संस्थानच्या आश्रयाने वाढलेला मल्ल. तो १९१० साली विलायतेस गेला आणि त्याने भल्याभल्यांना आव्हान दिले. गॉचचे नाव त्यात होतेच. पण जोड काही लागली नाही. १९१७च्या डिसेंबरात गॉच वारला आणि प्रश्न कायमचा अधांतरी राहिला.

पोस्टमास्तरांचे सारे गणित झिबिस्को या पोलंडच्या मल्लावर उभे होते. कारण हा गडी दोघांशीही लढला होता. ते बोटे मोडून हिशेब सांगत. १९१०च्या जून महिन्यात शिकागोत गॉचने झिबिस्कोला ओळीने दोनदा पाडले. पहिल्या वेळी तर झिबिस्को हस्तांदोलनाला पुढे झाला आणि काही क्षणांतच त्याचे खांदे टेकले! त्याच वर्षी १० सप्टेंबरला लंडनमध्ये गामा त्याच झिबिस्कोशी अडीच तासांहून अधिक वेळ झुंजला, तरी त्याला चीत करू शकला नाही. "आता बोला वस्ताद," पोस्टमास्तर म्हणत, "ज्याला एकाने पाडले आणि दुसऱ्याला पाडता आले नाही, त्यात थोर कोण?"

वस्ताद उसळत. "अहो, तो लढलाच कुठे? पहिल्याच मिनिटात खाली गेला आणि मग गादीला घोरपडीसारखा चिकटून बसला! पुढच्या शनिवारी फिरून कुस्ती ठेवली, तर फिरकला का तो मैदानात? आणि अठ्ठावीस साली पतियाळात काय झाले तेही सांगा की!"

तेही खरेच होते. १९२८च्या जानेवारीत पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले. दोघांचीही वये पन्नाशीला टेकलेली. त्या वेळी गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले.

हा वाद असाच हातघाईवर आलेला असताना वडिलांनी एके दिवशी पानाला चुना लावता लावता विचारले, "वस्ताद, तुमची ही कुस्ती कुठे लावणार? मातीत, की गादीवर?"

"म्हणजे काय बुवा?"

"म्हणजे असे, की गायकाला आधी सूर विचारावा, मग तो कसा गातो ते सांगावे."

दोघेही गप्प झाले. मला त्या वयात त्यातले फारसे कळले नव्हते. आज गायनाचा वर्ग चालविताना त्या प्रश्नाची खोली ध्यानात येते.

लंडनला गादी होती, पतियाळाला माती. गॉचची सारी ख्याती पायाचा चवडा धरून तो पिळण्याच्या पेचावर. प्रतिपक्षी वेदनेने शरण यावा असा तो पेच. आपल्या मातीतल्या कुस्तीत शरण आणण्याला किंमत नाही, पाठ लागली पाहिजे. तेव्हा गादी, पाश्चात्त्य नियम आणि पायाचे पेच मोकळे असतील तर एक निकाल संभवतो. दतियाच्या आखाड्यात, ढोलाच्या आवाजात, दुसरा. शिवाय झिबिस्को ही मोजपट्टी तरी स्थिर कुठे आहे? जूनमध्ये पुढे धावून फसलेला माणूस सप्टेंबरात पुढे होईलच कशाला? गॉचने त्याला पाडले आणि त्याच पाडण्याने शहाणा केले. गामाच्या वाट्याला तो शहाणा झालेला झिबिस्को आला.

हीच गोष्ट मुष्टियुद्धातल्या वजनदार वीरांची. १९७१ साली जो फ्रेझरने महंमद अलीला हरविले. १९७३ साली जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळविले. आता फोरमन आणि अली यांची जोड लागली तर? बहुतेक जाणकारांना त्यात सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. पण १९७४च्या ऑक्टोबरअखेर किन्शासा येथे अलीने दोरांना पाठ टेकून फोरमनला मनसोक्त ठोसे मारू दिले, त्याचा दम संपविला आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडले. एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्यास, असे हे चक्र. ही लढत झालीच नसती, तर आजही ओट्याओट्यांवर फोरमनलाच विजयी ठरविले गेले असते, आणि तेही भक्कम पुराव्यानिशी!

वडिलांच्या भाषेत सांगायचे तर अलीने त्या रात्री लय आपल्या हाती घेतली. मैफलीत दमदार तबलजी असला म्हणजे गवई बुडतोच असे नाही. लय कोण धरतो यावर सारे असते. फोरमन द्रुत लयीतला मनुष्य, त्याला विलंबितात अडकविले. झिबिस्कोने तर लंडनमध्ये लयच थांबविली. ताकद, उंची, वजन यांचे आकडे कागदावर मांडता येतात, लय मांडता येत नाही. ती दोघे समोरासमोर आल्यावरच जन्मास येते. सात फुटांच्या घरात उंची असलेला रहीमबक्ष सुलतानीवाला आणि त्याच्यापुढे ठेंगणा दिसणारा गामा यांच्या सुरुवातीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या, यातही कोणता हिशेब लागू पडतो?

हे सारे समजूनही मी एकदा पोस्टमास्तरांसारखाच चुकलो, ते येथे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका स्पर्धेसाठी माझ्या वर्गातून एकच नाव पाठवायचे होते. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही तयारीचे. दोघांना शेजारी बसवून ऐकायला मला सवड झाली नाही. मी हिशेब केला : मागील वर्षी अमक्या गायकाने मुलीला मागे टाकले होते आणि मुलाने त्या गायकाला, तेव्हा मुलगा सरस. नाव धाडून मोकळा झालो.

मुलीने तक्रार केली नाही. पुढच्या आठवड्यापासून ती येईनाशी झाली. पुष्कळ दिवसांनी तिच्या आईकडून कळले की मागील वर्षीच्या त्या स्पर्धेत तंबोरा काळी चारवर लावलेला होता. तिचा सूर काळी पाच. मंद्रातले स्वर विरून गेले, आणि परीक्षकांना सूर बदला म्हणण्याचे त्या पोरीला धैर्य झाले नाही. मी तिची गुरू म्हणवणारी व्यक्ती; पण माती की गादी, एवढे साधे विचारले नाही. मी तिच्या घरी गेलो, चूक कबूल केली. तिने नमस्कार केला, चहा दिला. वर्गात मात्र ती परत आली नाही.

गामा आणि गॉच यांचा निकाल ओट्यावर चुकला तर कोणाचे काही जात नाही. दोघेही त्या पलीकडे गेले आहेत. तो वाद जरूर घालावा, त्याने पाहण्याची नजर तयार होते. पण जिवंत माणसांची जोड अशी तिसऱ्याच्या मापाने लावू नये. आता वर्गातून एकच नाव धाडायचे असले, की मी मुलांना एकेक करून त्यांचा सूर विचारतो, तंबोरा प्रत्येकासाठी नव्याने लावतो आणि एकाच बैठकीत सर्वांना ऐकतो. त्याला संध्याकाळ पुरत नाही. दुसरा दिवस लागतो, तर लागो.