पापलेटच्या भावाला ‘शॉक’ देता येतो का?

अर्थव्यवस्थेचं मॉडेल संगणकावर चालवणारे सारखे ‘शॉक’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी संकट आलं. पण सूर्या योजनेतून वसई-विरारसाठी ठरलेलं दिवसाचं १८.५ कोटी लिटर पाणी सुरू होणं, हाही शॉकच. मॉडेलबाहेर ठरणाऱ्या चलाचं मूल्य आपण बदललं की झालं.

मग कुठल्याही चलाला शॉक द्यावा? नाही. अर्नाळा-पाचूबंदरच्या मासेमारीचं मॉडेल घेऊ. १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक बोटींवरची बंदी सरकार ठरवतं, म्हणून ती बाह्य. पापलेटचा भाव आवक-मागणीतून मॉडेलच काढतं. भावच २० टक्क्यांनी चढवून पाहायचा असेल, तर आजवर बाहेरून दिलेलं दुसरं एखादं चल मॉडेलवर सोपवावं लागतं. समीकरणं जितकी, अज्ञातं तितकीच हवीत. अशी मॉडेलं सोडवणाऱ्या जेमपॅक या सॉफ्टवेअरमध्ये ही अदलाबदल आधी लिहून द्यावी लागते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वेळेचा. ‘पाचव्या महिन्यात शॉक’ लिहिलं की पाचव्या महिन्यापर्यंत सगळं शांत, अशी समजूत असते. डायनेअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पूर्ण दूरदृष्टीच्या पद्धतीत मात्र पुढचं सगळं पात्रांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. बंदीसाठी हे ठीकच. तिची तारीख ठाऊक असल्यामुळे मेमध्येच सुकी मासळी साठवली जाते. पण मे २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ तसंच लिहिलं, तर मॉडेलमधले कोळी चार महिने आधीच बोटी किनाऱ्याला ओढायला लागतात! अनपेक्षित धक्क्यासाठी यादृच्छिक पद्धत घ्यावी. तिथे धक्क्याची तारीख नव्हे, त्याचं प्रमाण विचलन द्यायचं असतं.

आता शॉकचा आकडा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा आयातशुल्क २५ वरून ५० टक्क्यांवर नेलं. वसईतल्या वालीवच्या एखाद्या कारखानदाराच्या उद्योगक्षेत्राला याचा फटका किती, हे जागतिक व्यापाराच्या जीटॅप मॉडेलमध्ये पाहायचंय. मूळ शुल्क सोयीसाठी शून्य धरू. दर दुप्पट झाला म्हणून कुणी १०० लिहितो, फरक पाहून कुणी २५. दोन्ही चूक. तिथे शॉक बसतो तो शुल्कासह किमतीच्या गुणकाला : शंभराचा माल आधी १२५ ला पडायचा, वाढीनंतर १५० ला, म्हणजे वाढ २० टक्के. १०० लिहिलंत तर गुणक १.२५ चा २.५ होतो, शुल्क थेट १५० टक्क्यांवर जातं, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं न करता उत्तर काढून देतं.