नकलांच्या खर्चापायी अपील अडवू नका

कुटुंब न्यायालयात वकील न्यायालयाच्या परवानगीनेच उभा राहतो. म्हणून कित्येक भगिनी फस्ख किंवा मुलांच्या ताब्याचा दावा स्वतःच लढतात. फस्खचा निकाल विरुद्ध गेला, तर उच्च न्यायालयात अपिलाला मुदत अवघी 30 दिवसांची. तिथे तुमचे म्हणणे पोहोचते ते निकाल आणि जबान्यांच्या कागदांतून. त्यांच्या प्रमाणित नकलांना पानागणिक पैसे पडतात, आणि हिंमत तिथेच खचते. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत मदतीचा हक्क दिला आहे. त्यात कोर्ट फीबरोबर नकलाही येतात, हे फारसे कुणी सांगत नाही! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. वकील नको, नकलाच हव्यात, असेही त्यात लिहा. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत; मात्र नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका.