ओझोन पकडायचा कसा?

लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचा गुन्हेगार शोधून काढला अननसाच्या स्वादावर संशोधन करणाऱ्या माणसाने! कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950च्या सुमारास दाखवून दिलं, की तिथला ओझोन कुठल्या धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही. गाड्यांतले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलच्या वाफा उन्हात एकत्र आल्या, की तो हवेतच तयार होतो. म्हणून त्याचा जोर दुपारी.

त्यांचं मोजायचं साधन? रबराची पट्टी. वाकवून हवेत ठेवायची आणि भेगा पडायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. ओझोन जास्त, तर भेगा लवकर. रबराची ही गत, तर फुप्फुसाच्या नाजूक अस्तराचं काय होत असेल?

आजच्या यंत्रात 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश असतो. एकदा ओझोन काढून टाकलेली हवा आणि एकदा जशीच्या तशी हवा त्याच्यासमोरून सोडतात. प्रकाश जेवढा जास्त अडला, तेवढा ओझोन. आभाळातला ओझोन ज्या गुणामुळे आपल्याला वाचवतो, त्याच गुणामुळे खालचा सापडतो.

सापडल्यावरचा हिशेब मात्र अजब आहे. अमेरिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला अब्जात 70 भाग. पण वर्षातले सर्वांत वाईट तीन दिवस सोडून चौथ्याचा आकडा धरतात, आणि तोही तीन वर्षांच्या सरासरीने. कॅलिफोर्निया शिवाय तासाची स्वतंत्र मर्यादा लावतं: 90. हे अगदी योग्य. एखाद्या दुपारचा भडका आठ तासांत बुडून जाता कामा नये. भारताची आठ तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात साधारण 50. आकडा अमेरिकेपेक्षा कडक!

यंत्र लावायचं कुठे? तुंबलेल्या चौकात लावलं तर फसगत ठरलेली, कारण गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. लॉस एंजेलिसमध्ये समुद्रावरचा वारा सगळं पूर्वेला ढकलतो आणि सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरातलं, पाइनच्या झाडीतलं क्रेस्टलाइन देशातल्या सर्वाधिक ओझोनच्या गावांत जाऊन बसतं. रविवारी ट्रक कमी, तरी लॉस एंजेलिसमध्ये कितीतरी वर्षं ओझोन जास्तच भरायचा. खाणाराच सुट्टीवर!

हे फक्त उन्हाळ्याचं दुखणं, असंही नाही. वायोमिंगच्या तेल-वायूच्या खोऱ्यात ओझोनने ऐन हिवाळ्यात मर्यादा ओलांडली आहे. बर्फावरून परतलेलं ऊन पुन्हा कामाला लागतं आणि वरची उबदार हवा खालच्या गार हवेला हलू देत नाही. तिथली यंत्रं थंडीतही चालू ठेवावी लागतात.