जॅक उचलतो, घोडी पेलते

1983 च्या अखेरीस दिल्लीजवळच्या गुडगावहून आलेली मारुती 800 लहान खरी. पण तिचेही वजन सुमारे साडेसहाशे किलो होते. घरच्या गॅरेजात एकटा माणूस हायड्रॉलिक जॅकने अशी मोटार एका बाजूने सहज उचलतो, हे कसे? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. मोठा दट्ट्या लहानाच्या वीसपट क्षेत्रफळाचा असेल, तर 10 किलोच्या जोराने 200 किलो भार उचलला जातो. मात्र भार 1 सेंटिमीटर चढवण्यासाठी लहान दट्ट्याला एकूण 20 सेंटिमीटर चालावे लागते. म्हणून दांडा वारंवार दाबावा लागतो.

परंतु उचललेला भार तेल, एक झडप आणि रबरी वॉशर एवढ्यांवरच तोललेला असतो. वॉशर झिजला की तेल झिरपते आणि मोटार खाली येते. यास्तव जमीन सपाट व टणक असावी. दिल्लीच्या उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात जॅक रुततो. जमिनीवरील चाकांना अडसर लावावा. मोटार उचलताच तिच्या सांगाड्याखाली लोखंडी घोड्या ठेवून भार त्यांवर उतरवावा. विटा अचानक फुटतात, त्यांवर विसंबू नये. घोड्या लावल्यावाचून मोटारीखाली कोणीही शिरू नये.