गोठ्यापासून कुलूपबंद प्रयोगशाळेपर्यंत

मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकायची आणि मेलेली बकरी नाल्यात लोटायची, ही आपल्याकडची जुनी सवय. एखाद-दुसरे जनावर गेले तर कोणी फारसे मनावर घेत नाही. पण चार दिवसांत खुराडेच्या खुराडे माना टाकते किंवा कळपातल्या मेंढ्या एकामागून एक मरतात, तेव्हा रोग कोणता हे कळल्याशिवाय इलाज करता येत नाही. ते कोठे आणि कसे कळते, हे बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ठाऊक असावे.

चार पातळ्या

काही रोगजंतू तपासणाऱ्याच्याच जिवावर उठतात. साध्या खोलीत त्यांची तपासणी करणे म्हणजे कडब्याच्या गंजीत बसून विडी ओढणे होय. म्हणून प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेच्या चार पातळ्या ठरविल्या आहेत. चौथी पातळी सर्वांत कडक. तेथे हवा बाहेरून आत येते, पण आतली हवा बारीक गाळण्यांतून गाळल्याशिवाय बाहेर जात नाही. काम करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात असतो आणि नळीने आलेल्या हवेवर श्वास घेतो. बाहेर पडताना पोशाखासकट त्याला औषधी पाण्याची आंघोळ घडते. सांडपाणीसुद्धा निर्जंतुक करूनच सोडतात.

अशी प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्याला परवडणारी नाही. गावात एकच मळणीयंत्र असते आणि पाळीपाळीने सर्वांचे सोयाबीन निघते, तसाच हा प्रकार. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०१२ साली चौथ्या पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. २०१८ साली केरळात निपाह रोग आला, तेव्हा नमुने याच संस्थेकडे आले. जनावरांच्या व पक्ष्यांच्या घातक रोगांसाठी भोपाळला उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. देशभरातून तेथे नमुने जातात.

आपल्या शेजारी घडलेले

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मरू लागल्या. भोपाळच्या तपासणीत बर्ड फ्लू निघाला. भारतातील हा पहिलाच प्रसंग. महिन्याभरात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला. रोग आवरण्यासाठी लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळच्या एका खेड्यातील बाई तापाने व रक्तस्रावाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेली. पुण्याच्या संस्थेने निदान केले : क्रिमियन-कांगो ताप. हा रोग जनावरांच्या अंगावरील गोचिडांमुळे पसरतो. जनावर धडधाकट दिसते, माणूस मात्र मरतो. गोचीड उघड्या बोटांनी चिरडणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

आता सोय जवळ येत आहे. तिसऱ्या पातळीची चाकांवरची प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला माणूस व जनावर या दोघांच्या रोगांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली असून तेथेही चौथ्या पातळीची प्रयोगशाळा व्हायची आहे.

आपण काय करावे?

प्रयोगशाळा कितीही भक्कम असली तरी नमुना गावातूनच जायचा असतो. दडवलेल्या मरतुकीचा नमुना कोठेच पोहोचत नाही.

एकाएकी अनेक कोंबड्या वा जनावरे मेली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. भरपाई बुडेल या भीतीने गप्प बसू नका. बर्ड फ्लूमध्ये भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे उशीर करणाऱ्याचेच नुकसान अधिक.

जनावर एकाएकी मेले आणि नाका-तोंडातून काळे रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरावा. ते सोलू नये, कापू नये, कुत्र्यांना टाकू नये. गोचीड काढताना हातमोजे घाला. गोठ्यात काम करणाऱ्याला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जनावरांची गोष्टही सांगा. पुष्कळदा निदानाचा धागा तेथेच सापडतो.